आधी गाणं, आधी मालिका की आधी रंगमंच? गोव्यातल्या गायक-अभिनेत्यासाठी तुलनात्मक आढावा

गाणं चाललं की फोन येतात. गोव्यात हे बरेचदा चवथीच्या आसपास घडतं. मांडवात, लग्नाच्या रिसेप्शनला, कॉलेजच्या फेस्टमध्ये तुमचं गाणं वाजायला लागतं आणि पाठोपाठ तीन निरोप येतात. मुंबईतली एक निर्मितीसंस्था रोजच्या मालिकेसाठी लूक टेस्टला बोलावते. एक म्युझिक लेबल पाच गाण्यांचा करार पाठवतं. आणि फोंड्याकडचं एखादं नाट्यमंडळ विचारतं, यंदा स्पर्धेला संगीत नाटक उतरवतोय, गाणारं माणूस हवंय, येता का?

घरचे म्हणतात मालिका घे, तोंड दिसेल. बँडमधले म्हणतात गाणी कर, मालिकेत गेलेला परत येत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही प्रसिद्धीचीच तुलना करतात. तुलना दोन गोष्टींची करायला हवी: वर्षातल्या तुमच्या किती तारखा दुसऱ्याच्या ताब्यात जातात, आणि वर्ष संपल्यावर तुमच्या आवाजावर कोणाचा हक्क उरतो. मानधनाचा आकडा त्यानंतर बघायचा.

आधी गेलेली माणसं

गोव्याला हा प्रश्न नवा नाही. मंगेशीत १९०० साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर रंगमंचावर गायले, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभी राहिली, आणि बोलपट आल्यावर ते कॅमेऱ्यासमोरही गेले. १९४२ मध्ये ते गेल्यावर घर चालवण्यासाठी लताबाईंनी काही वर्षं चित्रपटांत छोटी कामं केली आणि पार्श्वगायनात पाय रोवताच अभिनय सोडून दिला. किशोरकुमार उलट बाजूने आले. पडद्यावर ते १९४६ पासून होते, पण पहिल्या फळीचा पार्श्वगायक म्हणून त्यांचं स्थान पक्कं झालं ते १९६९ नंतर.

आजच्या काळात दिलजीत दोसांझ यांनी आधी पंजाबी पॉपमध्ये नाव कमावलं आणि २०११ मध्ये ते चित्रपटात आले. आर्या आंबेकर २००८-०९ च्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतून घराघरांत पोचली, नायिका म्हणून पडद्यावर आली ती २०१७ मध्ये. मधल्या आठ वर्षांत ती गातच होती. आयुष्मान खुराना २०१२ मध्ये पहिल्याच चित्रपटात स्वतःचं गाणं घेऊन आला.

तुमच्या निर्णयाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटाचं आहे. त्यात सुबोध भावे आणि सचिन पिळगांवकर यांचे चेहरे, आणि त्यांना महेश काळे आणि राहुल देशपांडे यांचे आवाज. शंकर महादेवन यांचा मात्र चेहराही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. गाणाऱ्याला सिनेमा कसा वापरतो याचे दोन्ही प्रकार एकाच चित्रपटात दिसतात. पुढे २०२२ मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, वसंतराव देशपांड्यांची, भूमिका स्वतः केली आणि त्यातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पहिली भूमिका गाणाऱ्या माणसाचीच मिळाली तर ती सोडू नये, असं आमचं ठाम मत या उदाहरणांवरूनच झालं आहे. तिथे तुमचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, आणि तुमच्या जागी दुसरा चेहरा उभा करणं निर्मात्याला अवघड जातं.

तारखांचा हिशेब

गोव्यातल्या गाणाऱ्याचं वर्ष ठरलेलं असतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि जत्रा. डिसेंबरात नाताळ आणि ३१ तारीख, ज्या एका रात्रीची बिदागी एरवीच्या दोन-तीन कार्यक्रमांएवढी होऊ शकते. मग कार्निव्हल, शिगमो, आणि मे अखेरपर्यंत पुन्हा लग्नं. जून-जुलै मोकळे जातात. श्रावणात भजनं, वास्कोचा सप्ताह, आणि मग चवथ. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, त्यामुळे एका संध्याकाळी दोन सुपाऱ्या घेण्याची सोय जवळजवळ उरलेली नाही. म्हणजे हंगामात मोजक्या तारखा असतात आणि त्या दोन-तीन महिने आधी द्याव्या लागतात.

मालिकेची गोष्ट बरोबर उलटी. शिफ्ट १२ तासांची, मेकअप आणि प्रवास धरून १४ तास. उद्या किती वाजता यायचं हे सांगणारा कॉल आदल्या रात्री येतो. कथानक बदललं, सहकलाकार आजारी पडला, वाहिनीने महाएपिसोड मागितला, की ठरलेली सुट्टी जाते. मालिकेत वेळ कमी मिळतो ही तक्रार सगळे करतात, पण खरी अडचण वेगळी आहे. लग्नवाल्याला तारीख दोन महिने आधी हवी असते आणि सेटवर ती आदल्या रात्री कळते. महिन्यातले आठ दिवस मोकळे असूनही त्यातला एकही दिवस तुम्ही शब्द म्हणून कोणाला देऊ शकत नाही. मालिकेत गेलेल्या गायकाचे कार्यक्रम बंद पडतात ते यामुळे, आणि दोन-तीनदा तारीख फिरवली की कार्यक्रम ठरवणारे विचारणंही बंद करतात.

चित्रपट त्या मानाने सोपा. मराठी चित्रपटाचं चित्रीकरण साधारण ३० ते ४० दिवसांत आटोपतं, तेही एक-दोन सलग टप्प्यांत. नायकाच्या मित्राची भूमिका असेल तर तुमच्या वाट्याला १०-१२ दिवस. तारखा करारात लिहिलेल्या असतात. एका गोष्टीकडे मात्र नव्यांचं लक्ष नसतं. दोन टप्प्यांच्या मधल्या काळात केस कापता येत नाहीत, दाढी काढता येत नाही, रंग बदलता येत नाही. स्टेजवर तुमचा ठरलेला अवतार असेल तर ते दोन महिने चित्रपटाच्या अवतारात गावं लागेल.

स्वतःच्या गाण्यांना तारखा सर्वात कमी लागतात: एका गाण्याला गळ्याचं रेकॉर्डिंग एक दिवस, व्हिडिओ एक-दोन दिवस. संगीत नाटकाला सहा ते आठ आठवडे रोज संध्याकाळी सात ते दहा तालीम, मग स्पर्धेचा एक प्रयोग, आणि नाटक उभं राहिलं तर जत्रांचे प्रयोग.

| | रोजची मालिका | चित्रपटातली भूमिका | स्वतःची गाणी | संगीत नाटक |
|---|---|---|---|---|
| महिन्याला जाणारे दिवस | २० ते २५ | टप्प्यात सलग, एरवी शून्य | २ ते ४ | संध्याकाळी रोज, दिवस मोकळा |
| तारीख कधी कळते | आदल्या रात्री | महिनाभर आधी | तुम्ही ठरवता | तालमीआधी |
| पैसा कधी येतो | साधारण ९० दिवसांनी | हप्त्यांत | कार्यक्रमाचा लगेच, रॉयल्टी उशिरा | थोडा किंवा नाही |
| गळ्यावर ताण | जास्त | मध्यम | कमी | जास्त, पण गळा तयार होतो |
| आवाजावरचा हक्क | करारावर | निर्मात्याकडे, रॉयल्टी तुमची | तुमच्याकडे ठेवता येतो | तुमच्याकडे |

पैसा

इथे मालिकेवर अन्याय करून चालणार नाही. समजण्यासाठी आकडे मांडतो, तुमच्या करारातले घालून हिशेब पुन्हा करा. मालिकेत ‘पर डे’ ५,००० रुपये आणि महिन्याला २२ दिवसांची हमी धरली तर १,१०,००० होतात. १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे ११,०००. कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, काम आलं असेल आणि त्याचे १५ टक्के ठरले असतील तर १६,५०० आणखी गेले. हातात ८२,५००. टीडीएस विवरणपत्र भरताना हिशेबात येतो, कोऑर्डिनेटरचे पैसे परत येत नाहीत.

गोव्यात पाच वादकांसह एक कार्यक्रम ४०,००० चा घेतला तर वादकांचे २०,०००, साउंडवाल्याचे ८,०००, प्रवासाचे २,०००, आणि तुमच्याकडे १०,०००. हंगामाचे आठ महिने दर महिन्याला चार कार्यक्रम धरले तर वर्षाला ३,२०,०००. मालिका वर्षभर चालली तर ९,९०,०००. पैशांत मालिका सरळ पुढे आहे आणि ज्याच्या घरावर कर्ज आहे त्याने हा फरक नाकारू नये.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, मालिकेचं बिल महिनाअखेरीस लागतं आणि पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. एप्रिलचं काम जुलैअखेरीस हातात. तोवर मुंबईतलं भाडं, अनामत रक्कम, रिक्षा आणि जेवण तुमच्या खिशातून. चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय निघू नका. अनेक जण तिसऱ्या महिन्यात परततात ते अभिनय जमत नाही म्हणून नव्हे, भाडं थकतं म्हणून. दुसरी, वाहिनी मालिका कधीही बंद करू शकते. सहा महिन्यांत बंद पडली तर ४,९५,००० मिळाले, आणि तेवढ्यात एक लग्नसराई दुसऱ्या गायकाकडे गेली.

‘पर डे’पेक्षा हमीच्या दिवसांवर जास्त भांडा. दिवसाला ६,००० पण हमी १२ दिवसांची, यापेक्षा ५,००० आणि २२ दिवस केव्हाही बरं. आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर जाईल असं दिसलं तर जीएसटी नोंदणीचं आधीच बघा. १८ टक्के कर बिलावर वेगळा लावला नाही तर तो तुमच्याच मानधनातून जातो.

गळा आणि चेहरा

रडण्याचे, ओरडण्याचे प्रसंग गळ्याला गाण्यापेक्षा जास्त लागतात. गाताना श्वास आधी येतो आणि स्वर त्यावर बसतो. ओरडताना नवा नट घशातच जोर लावतो, त्यातून एकाच प्रसंगाचे मास्टर (पूर्ण प्रसंगाचा दूरचा शॉट), दोन क्लोज (जवळचे शॉट) आणि रीटेक मिळून आठ-दहा वेळा ओरडावं लागतं. दिग्दर्शकाला आधीच सांगा की मास्टरमध्ये अर्धा आवाज देईन, क्लोजला पूर्ण. बहुतेक दिग्दर्शक मान्य करतात. अशा दिवसानंतर पुढचे २४ तास रेकॉर्डिंग ठेवू नका. दोन आठवड्यांत खरखर गेली नाही तर काढे आणि ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची दुर्बीण तपासणी करून घ्या.

सेटवर तंबोरा लावून बसता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो स्ट्रॉचा व्यायाम. ग्लासात पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढत खालून वर, वरून खाली सरकायचं. पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी. आवाज खोलीबाहेर जात नाही आणि स्वरतंतूंवर ताण कमी पडतो.

चेहऱ्याची अडचण वेगळी. आपल्याकडचे बहुतेक गायक भजनातून आणि नाट्यगीतातून येतात. पेटीमागे बसून, डोळे मिटून, एक हात हवेत. मैफलीत ते शोभतं. कॅमेऱ्यात मिटलेले डोळे म्हणजे गेलेला शॉट, हात चौकटीबाहेर जातो, आणि तोंडासमोर धरलेला माइक हनुवटी खातो. आरशासमोर नव्हे, फोनवर स्वतःला गाताना छातीपासून वर चित्रित करा आणि आवाज बंद करून बघा. ओळीचा अर्थ नुसत्या चेहऱ्यावरून कळतो का, एवढंच तपासायचं. पहिल्या दहा वेळा कळत नाही, विसाव्या वेळेपर्यंत कळू लागतो.

गाण्याचं चित्रीकरण कसं होतं तेही जाणून घ्या, कारण गायक इथे जिंकतो किंवा फसतो. सेटवर गाणं तुकड्यांत वाजवतात. आधी मोजणीचे ठोके ऐकू येतात, मग तुमची ओळ. नवखा गायक नुसते ओठ हलवतो, कारण आवाज तर रेकॉर्ड झालेलाच आहे. पडद्यावर मान सैल दिसते, श्वास घेतलेला दिसत नाही, खोटं कळतं. प्रत्यक्ष आवाज काढून गा, निदान पाऊण ताकदीने. संथ हालचालीचा शॉट असेल तर कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी घेतो आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, म्हणजे पडद्यावर शरीर संथ दिसतं पण ओठ गाण्याशी जुळतात. दुप्पट वेगात चिरक्या आवाजात आलेली स्वतःचीच ओळ ऐकून भलेभले गोंधळतात. शब्दांची जुळवाजुळव तुटते, आणि हरकतीच्या जागी तोंड आधीच मिटलेलं असतं. आदल्या रात्री फोनवर गाणं दुप्पट वेगाने लावून दहा वेळा म्हणून जा. दिग्दर्शकाला हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून तो तुम्हाला नवखा समजत नाही.

गाणं सेटवरच थेट रेकॉर्ड करण्याची पद्धतही आहे. २०२४ मध्ये पंजाबी गायक चमकीला यांच्यावर आलेल्या चित्रपटात दिलजीत आणि परिणीती चोप्रा सेटवर प्रत्यक्ष गायले. गाणाऱ्या नटाला हे फार मोठं हत्यार आहे. तुम्ही थेट गाऊ शकता हे निर्मात्याला पहिल्याच भेटीत कळू द्या.

रंगमंच: गोव्याकडे असलेली फुकटची शाळा

संगीत नाटकाला ‘पैसा नाही’ म्हणून उडवून लावणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. गाता गाता चालणं, संवादातून सुरात जाणं आणि सुरातून परत संवादात येणं या तीन गोष्टी कुठलाही अभिनयवर्ग इतक्या कमी वेळात शिकवत नाही. संवादाचं शेवटचं वाक्य कुठल्या पट्टीत टाकलं की ऑर्गनवाल्याने दिलेला षड्ज उचलताना झटका बसत नाही, हे तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात आपोआप कळतं. पुढे चित्रपटात संवादानंतर लगेच गाणं येतं तेव्हा तेच कामी येतं. कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, मडगाव-साखळी-कुडचड्याची रवींद्र भवनं अशी प्रेक्षागृहं एवढ्याशा प्रदेशात आहेत, आणि गावागावांत जत्रेला मराठी नाटक पाहणारा प्रेक्षक आहे. हे मुंबईतल्या गायकाला मिळत नाही.

कोकणी येत असेल तर तियात्राचा विचार जरूर करा. १८९२ पासून चालत आलेला हा कोकणी नाट्यप्रकार गाणाऱ्या नटावरच उभा आहे. अंकांच्या मध्ये येणारी कांतारं, म्हणजे गाणी, थेट बँडवर, ट्रंपेट आणि ड्रम्सच्या साथीने गावी लागतात, आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही तर लोक लगेच चुळबुळ करतात. चाललेल्या तियात्राचे शंभरावर खेळ होतात. शब्दफेक शिकायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. मराठी गायक तिकडे फारसे फिरकत नाहीत, याचं वाईट वाटतं.

रंगमंचाचा एक तोटा सांगायलाच हवा. तिथला मोठा अभिनय कॅमेऱ्यात जसाच्या तसा नेला तर आरडाओरडा वाटतो. नाटक करत असताना आठवड्यातून एक दिवस तोच प्रवेश फोनसमोर, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलावं तसा करून बघा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे अभिनयाचे छोटे अभ्यासक्रमही असतात, त्यातला एखादा जमला तर पावसाळ्यात उरकून घ्या.

कागद

तुमच्या गाण्यात हक्कांचे तीन थर असतात. शब्द आणि चाल हा पहिला, रेकॉर्डिंग हा दुसरा, आणि गाणारा म्हणून तुमच्या सादरीकरणाचा हक्क हा तिसरा. स्वतः लिहून, चाल लावून, पदरच्या पैशाने रेकॉर्ड केलेल्या गाण्यात तिन्ही तुमचे. चित्रपटात गायलात तर पहिले दोन बहुधा निर्मात्याकडे किंवा लेबलकडे जातात. पण कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा आणि गायकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने राखलेला आहे. ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था दोन: गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासद व्हायचं, गायकांनी इसाम्राचं. स्वतः लिहून गात असाल तर दोन्हीकडे. गायकाचा हा हक्क ५० वर्षं टिकतो.

करार आला की आधी मुदत आणि प्रदेश शोधा. हक्क देताना मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश भारतापुरता. म्हणूनच लेबलच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द हमखास असतात. पाच गाण्यांसाठी कायमचे हक्क मागितले तर रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च आणि आगाऊ रक्कम तिन्ही त्यांनी उचलले पाहिजेत. नुसतं ‘प्रमोशन करू’ एवढ्यावर देऊ नका.

गाऊन अभिनय करणाऱ्यासाठी सर्वात धोकादायक कलम मात्र वेगळंच आहे. काही लेबलं गाण्यांबरोबर तुमच्या सगळ्या कमाईत वाटा मागतात: कार्यक्रम, जाहिराती, अभिनय. आज अभिनयातून शून्य मिळत असल्यामुळे नवा माणूस सही करतो, आणि दोन वर्षांनी मालिका मिळाली की तिच्यातलेही १५-२० टक्के लेबलला जातात, कोऑर्डिनेटरचे वेगळे. अभिनय त्या कलमातून काढून टाका. नाहीच जमलं तर ‘लेबलने मिळवून दिलेल्या कामापुरतं’ असं लिहून घ्या.

मालिकेच्या करारात हेच उलट्या बाजूने येतं. एका वाहिनीचा माणूस दुसऱ्या वाहिनीवर दिसू नये हे ठीक. पण मजकूर बहुतेकदा ‘कोणत्याही माध्यमात कोणतंही सादरीकरण’ असा सैल असतो आणि त्यात तुमचा युट्यूब चॅनेल आणि वास्कोच्या सप्ताहातलं भजनही सापडतं. तीन वाक्यं घालून घ्या: गायन या बंधनातून वगळलं आहे, स्वतःच्या चॅनेलवर गाणी प्रसिद्ध करता येतील, आणि ३० दिवस आधी कळवल्यास महिन्यातले चार दिवस कार्यक्रमांसाठी सुटी मिळेल. तिसऱ्या वाक्यातल्या चार दिवसांवरून ते दोन दिवसांवर येतील. दोन घ्या, पण लेखी घ्या. डिसेंबरचा शेवटचा आठवडा वेगळा लिहून घेता आला तर फारच उत्तम.

आवाजाची नक्कल करणाऱ्या संगणकी तंत्राचंही कलम आता करारांत येऊ लागलं आहे. आवाज किंवा चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरायची परवानगी पूर्णपणे नाकारा. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं आहे, तेव्हा हा निकाल आपल्याला दूरचा नाही. पण स्वतःच परवानगीवर सही केली असेल तर दाद मागणं कठीण होऊन बसतं.

मग कोणी काय घ्यावं

गाणं नुकतंच चाललंय, घरची घाई नाही, वय पंचविशीच्या आत: पहिलं वर्ष गोव्यातच राहा. पावसाळ्यात चार गाणी रेकॉर्ड करा. व्हिडिओवाल्याला ४८ किलोहर्ट्झची २४ बिट फाइल द्या आणि गायनाविना ट्रॅक वेगळा काढून ठेवा, तो नंतर मागितला की स्टुडिओत प्रोजेक्ट सापडत नाही. ऑनलाइन सेवांवर गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणं तीन-चार आठवडे आधी चढवा, गायक-गीतकार-संगीतकारांची नावं प्रत्येक ठिकाणी एकाच वर्तनीत. वर्तनी बदलली की एका माणसाचे दोन कलाकार होतात आणि रॉयल्टी विखुरते. जोडीला एक संगीत नाटक. चित्रपटातली १०-१५ दिवसांची भूमिका आली तर घ्या, गोव्यात चित्रीकरण असलेली आली तर धावत जाऊन घ्या.

घरी पैशांची गरज आहे आणि मालिका समोर आहे: घ्या, अपराधी वाटून घेऊ नका, पण वरची तीन वाक्यं लिहून घेतल्यावर. मालिकेने चेहरा ओळखीचा होतो आणि कार्यक्रमाची बिदागी वाढते हे खरंच घडतं. ते पदरात पाडून घ्यायचं तर मालिका चालू असतानाच दोन-तीन गाणी यायला हवीत. बंद पडल्यावर सहा महिन्यांत लोक पात्राचंही नाव विसरतात.

अभिनयच मनापासून हवा आहे आणि गाणं ही फक्त वाट आहे: मग रंगमंचावरून थेट ऑडिशन द्या, लेबलकडे जाऊच नका. सेल्फ टेपमध्ये, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनमध्ये, फोन आडवा, मागे साधी भिंत, कंबरेपासून वर चौकट. नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग डावी-उजवी बाजू, आणि त्यानंतर प्रसंग. गाणं शेवटी, तेही मागितलं तर. आधी गायलात की तुमची नोंद गायकांच्या यादीत होते. गोव्याच्या मुलांना मराठी ऑडिशनमध्ये अडतं ते उच्चारांवर. कोकणीतले मोकळे ‘ऍ’ आणि ‘ऑ’ मराठी शब्दांत उतरतात, आणि वाक्याच्या शेवटी हेल चढतो. वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, महिन्याभरात हेल बसतो. हेल पूर्ण मोडू मात्र नका, मालवणी-गोमंतकी पात्रासाठी तोच मागितला जातो. आणि ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, ‘कार्डासाठी’ कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. खरं कास्टिंग कलाकाराकडून पैसे घेत नाही.

मुंबईचा फोन आज आला असेल तर उत्तर द्यायला दोन दिवस मागा आणि पाच गोष्टी मेसेजवर लिहून विचारा: हमीचे दिवस किती, पैसे किती दिवसांनी, करार किती महिन्यांचा, गायन बंधनात येतं का, पात्र गातं का आणि गात असेल तर आवाज कोणाचा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर आवाज दुसऱ्याचा असणार असं धरून चाला. लूक टेस्टला कोकणकन्येने जात असाल तर वेळ दुपारनंतरची मागून घ्या. रात्रभर डब्यात बसून पहाटे उतरलेल्या गळ्यातून सकाळी नऊला नीट स्वर निघत नाही, आणि गाणारं माणूस आहे म्हटल्यावर ते दोन ओळी गायला सांगतातच.